तुरीच्या दाण्यांचं रगत

आमच्या घरी रविवारी दुपारी लढाई असते. अमरावतीच्या घरात, समोरच्या खोलीत, दिवाणाला लागून जेवणाचं टेबल आहे त्यावर. मुलगी शाळेत शिकवते, तिचे दोन सोबती येतात. एकाचं बडनेऱ्याला औषधाचं दुकान आहे. दुसरी अकोल्याची, वीजबिलाच्या हापिसात नोकरीला, गाडीनं येते आणि गाडीनं जाते. तिघंही आता लहान नाहीत. औषधवाल्याचे तर केस पांढरे व्हायला लागलेत. तरी खेळतात.

खेळ काय आहे ते सांगतो, कारण मला समजायलाच लय वेळ लागला. सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, तो खेळ चालवतो. आमच्याकडे हे काम मुलीचं. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात. मुलगी म्हणते, समोरून दरोडेखोर आला. मग एखादा म्हणतो, मी तलवार मारतो. म्हणायचं आणि फासा टाकायचा. फाशाला वीस बाजू असतात. आकडा मोठा पडला तर लागली, लहान पडला तर हुकली. माझी बायको त्या फाशाला बोर म्हणायची, कारण दिसायला तसाच आहे, बोराएवढा, लाल.

मी चौथी शिकलो. अकोल्याच्या जिनिंगात, कापूस पिंजायच्या कारखान्यात, उमर गेली. माणसं कामधंदा सोडून टेबलाभोवती बसून खोट्या तलवारी मारतात, हे मला पटत नव्हतं. आजही पुरतं पटत नाही. बायकोला मात्र पटलं. एका रविवारी ती चहा द्यायला गेली ती तिथंच बसली. तिनं कुऱ्हाड घेतलेली बाई घेतली. गोष्टीतली बाई हो. शेजारीण विचारायला आली, काय करून राहिल्या, तर ही म्हणे, "नदीपल्याडचे चोर मारून राह्यली. बसा."

पण तिला त्या खेळातली एक गोष्ट खटकली. त्यांच्या खेळात प्रत्येकाला जीवाचा एक आकडा असायचा. मार बसला की आकडा कमी. आकडा शून्यावर आला की माणूस मेला. पण शून्य होईपर्यंत तो ठणठणीत. अंगात भाला घुसला तरी तसाच नाचतो, तशीच तलवार मारतो. आणि एक झोप काढली की आकडा पुन्हा भरला.

"भाला पोटात घुसला अन् सकाळी उठून डोंगर चढला?" ती म्हणाली. "काय खाल्लं बापा त्यानं?"

औषधवाला हसला. "काकू, खेळ हाये. खरं खरं केलं तं कोनी लढनारच नाई."

"मंग नोको लढू. बोलून पाय त्याच्याशी."

अकोल्याची म्हणाली की असे खेळ पुष्कळ निघालेत, कुठं लागलं, किती खोल लागलं, हाड गेलं की नस गेली, सगळ्याचे तक्ते असतात त्यात. पण एक फटका मोजायला अर्धा घंटा लागतो. तोवर चहा थंड होतो. खरेपणा आणला की खेळ मरतो, खेळ ठेवला की खरेपणा जातो. यावर तिघांचं भांडण जुनं होतं म्हणे. मला हसू आलं. ज्यांना कधी मार लागला नाही ते माराचा हिशेब करत होते.

बायको उठली, स्वयंपाकखोलीत गेली. स्टीलच्या वाट्या घेऊन आली आणि डब्यातून तूर आणली. आख्खी, लाल तूर, भरडायची राहिलेली. प्रत्येकाच्या समोर एकेक वाटी भरून ठेवली.

"हे तुमचं रगत. लागलं का दर डावाले एक चिमटी काढाची. एकदम नाई जात. चिमटी चिमटी जाते. वाटी रिकामी, मानूस रिकामा."

"अन् थांबते कधी?" मुलीनं विचारलं.

"कोनी दाबून धरलं का."

ती तेल्हाऱ्याची. लहानपणापासून वावरात. ज्वारी कापताना विळा लागायचाच. मग बांधावरची कंबरमोडी उपटायची, हातावर चोळायची, तिचा रस जखमेत पिळायचा आणि वरून दाबायचं. तिनं त्यांना सांगितलं की पाल्यापेक्षा दाबणं महत्त्वाचं, आणि दाबणाऱ्याचे दोन्ही हात त्यातच गेले, तो दुसरं काही करू शकत नाही. हात काढला की पुन्हा सुरू. हलवलं की पुन्हा सुरू.

तिथून त्यांचा खेळ बदलला. आधी एक जण पडला की बाकीचे लढतच राहायचे. आता पडला की दुसऱ्याला ठरवावं लागायचं, लढू की दाबून बसू. औषधवाला कावला. "काकू, तुमच्या नियमानं सगळे पळूनच जाऊन राह्यले."

"मंग आता झाली खरी लढाई," ती म्हणाली.

मी दिवाणावर पेपर घेऊन असायचो. एकदा त्यांनी मलाही ओढलं. माझ्या डाव्या हाताची करंगळी जिनिंगच्या मशीनमध्ये गेली, ती कशी गेली ते विचारलं. मी म्हटलं, गेली तेव्हा दुखलंच नाही. हात थंड लागला. मी खाली रुईत बोट शोधत बसलो होतो. मुकादम म्हणे, काय शोधून राह्यला बे? मी म्हटलं, बोट. तो म्हणे, ते रुईच्या गठाणीत गेलं असंन, तू दवाखान्यात जाय. रिक्षात बसल्यावर दुखायला लागलं ते असं की मी रिक्षावाल्याला शिव्या दिल्या. त्यांनी लगेच नियम केला. मार बसला त्या डावाला दुखत नाही, पुढच्या डावाला दुखतं, आणि तेव्हा फाशातून आकडे कमी होतात. बायको मला म्हणाली, "पहा, तुमचं बोट कामी आलं."

तर असं चाललं होतं. मग तिला दुखणं निघालं.

सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणे यकृत कडक झालं. विचारलं, दारू पिता काय? तिनं जन्मात चहाशिवाय काही घेतलं नाही. ती म्हणाली, "पित असती तं निदान मजा तरी आली असती." दुर्बीण घालून आतली नस बांधली आणि घरी पाठवलं. त्याच रविवारी ती पुन्हा टेबलाशी बसली, पाठीला उशी लावून. आणि नवीन नियम सांगितला. रक्त गेलं की पहिले थंडी वाजते. मग तहान लागते. मग समोरचा बोलतो ते लांबून आल्यासारखं येतं, शब्द धरता येत नाही. म्हणून ज्याची वाटी अर्ध्याच्या खाली गेली त्याला दुसऱ्यांनी हे कर ते कर असं सांगायचं नाही. त्याला ते ऐकू येत नाही. त्यानं एकट्यानं ठरवायचं. औषधवाल्यानं तो नियम मान खाली घालून लिहून घेतला.

तिची शेवटची लढाई एका नदीच्या उताराशी होती. दरोडेखोर पल्याडून आले. एकानं कुऱ्हाडवालीच्या मांडीत भाला घातला. मुलीनं चुकचुक केलं. बायको म्हणे, "मांडीत लागलं म्हंजे मोठी नस गेली. काढ चिमट्या." मुलगी लहान चिमट्या काढत होती तर ही ओरडली, "तुह्या बापानं तमाखू घेतल्यासारखी काहून घेतं? नीट घे." वाटी खाली खाली गेली. तेवढ्यात अकोलेवालीच्या गाडीची वेळ झाली. बायकोनं वाटी जशी होती तशी उचलली आणि भिंतीच्या फळीवर ठेवली. पुढच्या रविवारी इथून पुढं, म्हणाली. त्या वाटीवर तिचं नाव कोरलेलं आहे. तिच्या लग्नात आलेली वाटी.

पुढचा रविवार दवाखान्यात गेला. नस पुन्हा फुटली.

त्या आठवड्यात मुलीनं आणि सोबत्यांनी रक्त दिलं. औषधवाल्यानं दिलं, त्याच्या भावानं दिलं, अकोल्याची गाडीनं आली, रक्त दिलं, केळं खाल्लं आणि पुढच्या गाडीनं परत गेली. मी गेलो तर माझी उमर पाहून नर्स म्हणे, "काका, तुम्ही बसा." मी बसलो. मला दुसरं काम नव्हतं. वरून बाटली चढायची, खाली नळीतून रक्त बाहेर यायचं. मी पाहत होतो.

मुलगी तिला सांगायची, "आई, रक्त वाढून राहिलं. परवा घरी नेते तुला." डॉक्टरही म्हणायचा, सुधारणा आहे. येणारे-जाणारे म्हणायचे, रंग चांगला दिसून राह्यला. आणि ती भिंतीसारखी पांढरी.

दुपारी मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. बायकोनं मला जवळ बोलावलं.

"तुमी खरं सांगा. मले बाटली दिसते. चढते तेवढंच जाते ना?"

मी म्हटलं, "हाव. थांबून नाई राह्यलं."

"बरं झालं सांगतलं."

मग तिनं कामाच्या गोष्टी सांगितल्या. कोणती साडी बहिणीला द्यायची, गॅसची नळी बदलायची आहे, असं. मुलगी आली तर तिनं मुलीचा हात धरला आणि तिलाही एकदोन गोष्टी सांगितल्या, जाणारं माणूस सांगतं तशा. मुलगी समजली. मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"तुम्ही आईला सांगितलं?"

"तिनं विचारलं."

"म्हणून सांगायचं? तिचा धीर तोडला तुम्ही, बाबा."

मला विचारलं, मी सांगितलं. मी आजही तेच सांगीन. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेली. आम्हाला पडद्याच्या बाहेर काढलं होतं तेव्हा गेली. डॉक्टर बाहेर येऊन मुलीशी इंग्रजीत बोलला. मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चला बाबा, घरी जायचंय." एवढंच. गेली, हा शब्द तिनं तेव्हा काढला नाही आणि नंतरही माझ्यासमोर काढला नाही. नातेवाइकांना फोन केले तेव्हा सुद्धा औषधवाल्याच्या हातात फोन द्यायची.

त्यानंतर घरात आम्ही दोघंच. गोळी घेतली का. दूध नासलं. मी शाळेत जाते. याच्यापलीकडं बोलणं नाही. रागानं भांडली असती तर बरं होतं. ती भांडत नव्हती. ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. मी एकटा जेवायचो.

पुण्यानुमोदनाच्या विधीला साळी तेल्हाऱ्याहून आली होती, बायकोची लहान बहीण. पाहुणे गेल्यावर थांबली आणि घर आवरून गेली. चांगलं आवरलं. डबे घासले, फळ्या पुसल्या, तुरीचा कट्टा होता, लहान पोतं, तो दालमिलला पाठवून डाळ करून आणली. मग ती गेली आणि घर अजून मोठं झालं.

सोबत्यांनी बरेच रविवार येणं सोडलं होतं. मुलीनंच त्यांना बोलावलं. अकोल्याची म्हणाली, नवीन गोष्ट सुरू करू. मुलगी नाही म्हणाली. नदीच्या उतारापासूनच सुरू करू. आईची बाई तिथं पडली आहे, तिला तशी कशी सोडायची.

मी दिवाणावर होतो. त्यांनी आपापल्या वाट्या मांडल्या. मुलीनं फळीवरून नाव कोरलेली वाटी काढली. पाहते तर रिकामी.

तिनं साळीला फोन लावला. साळीचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही, सगळ्यांना ऐकू येतो.

"मावशी, समोरच्या फळीवर वाटी होती. त्यात तूर होती का?"

"होती ना. मी कट्ट्यात टाकली. वाटीत तूर काहून ठेवतं व तू? किडे लागते."

"ती ठेवलेली होती, मावशी."

"ठेवलेली म्हंजे? वरन करासाठी का?"

"नाही. आईचं..." मुलगी थांबली. आईचं रक्त होतं, असं तेल्हाऱ्याला कसं सांगायचं. "काही नाही. बरी आहे ना तू?"

फोन ठेवला. औषधवाल्यानं तोंडावर हात धरला. हसत होता की काय होतं ते समजलं नाही. "म्हंजे काकूचं रगत दालमिलला गेलं," तो म्हणाला. अकोलेवालीनं त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण तिलाही हसू आलं. मुलीलाही. तिला हसताना मी किती तरी दिवसांनी पाहिलं.

मग प्रश्न निघाला, वाटीत किती होतं.

"अर्धी होती," मुलगी म्हणाली.

"पाऊन असंन," औषधवाला म्हणाला. "पाऊनच धरू."

मुलगी डब्यात उरलेली तूर घेऊन वाटीत टाकायला लागली. मी पेपर बाजूला केला.

"तळ झाकला होता," मी म्हटलं. "तेवढीच होती."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, वाटीकडेच पाहत होती. "तुम्हाला काय माहीत?"

"साळी येईस्तोवर मीच रोज फळी पुसत होतो. दाण्याच्या मधून वाटीचं बूड दिसत होतं."

"बाबा, तुम्ही खेळत नाही ना."

"खेळत नाई. पन वाटी पाह्यली."

तिनं तूर ओतणं थांबवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. नदीवर एक साधू येतो. त्याच्याजवळ औषध असते. तो तिची जखम भरतो."

"साधू कुठून आला?" मी म्हटलं. "एवढा वेळ पान्यात होता काय?"

अकोल्याची फसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"खेळ मी चालवते, बाबा. मी म्हणीन ते होते."

"चालव ना. पन नियम तिचा हाये. ती बसली असती तं बोर फेकून मारलं असतं तुमच्या साधूले."

ते खरं होतं, हे टेबलावरच्या तिघांनाही माहीत होतं. औषधवाला टाळू खाजवत बसला. मुलगी म्हणाली, "मग तिचा फासा कोण टाकणार? मी नाही टाकणार."

"मी टाकतो."

"तुम्हाला खेळायचं असेल तर तुमचाही एक माणूस लागते."

"बंडीवाला कर मले. नदीकाठी बंडी घेऊन उभा होतो."

"हत्यार?"

"तुतारी." बंडी म्हणजे बैलगाडी, आणि तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी हो, टोकाला खिळा असलेली.

तिनं माझ्यासमोर एक वाटी भरून ठेवली. बायकोच्या वाटीतली तूर मात्र काढली, तळापुरती ठेवली. नीट काढली. दाण्यांच्या मधून वाटीचं बूड दिसलं.

मुलीनं विचारलं, बंडीवाला काय करतो?

मी म्हटलं, बंडी सोडून तिच्यापाशी जातो, बसतो, दोन्ही हातांनी मांडी दाबून धरतो.

डाव फिरला. अकोलेवालीनं बाण मारला. औषधवाल्याचा पहेलवान दोघांशी भिडला. माझी पाळी आली. मी म्हटलं, दाबून हाये. पुन्हा डाव फिरला. दाबून हाये. औषधवाला म्हणाला, "काका, तुमाले बोर नाई होऊन राह्यलं? एखाद्याले तुतारी तरी टोचा." मी म्हटलं, तू तुह्यं काम कर.

मला कंटाळा येत नव्हता. दवाखान्यात मी इतके दिवस बसलो होतो आणि माझे हात मांडीवर पडून होते. सलाईनच्या नळीला सुद्धा हात लावू देत नव्हते. इथं निदान हाताला काम होतं. खोटं का होईना, त्यात नियम तरी होता.

एक चोर माझ्यावर आला. मुलीनं फासा टाकला, खांद्यात मार बसला. तिनं माझ्या वाटीतून चिमटी काढली. पुढच्या डावाला म्हणाली, "आता दुखते तुम्हाला. हात सोडून वाचवता का स्वतःला?"

"नाई."

"बाबा, तुमचं पण रक्त जाऊन राहिलं."

"जाऊ दे. माही वाटी भरली हाये. तिची वाटी पाय."

तिनं पुन्हा चिमटी काढली. मला दिसलं, लहान काढत होती. माझ्या वाटीचं तिनं काय करावं ते तिचं.

शेवटी चोर पळाले. पहेलवानानं त्यांना पल्याड पिटाळलं. बाईला तिथंच ठेवून रात्र काढली तर चोर परतणार. गावात न्यायची तर बंडीत टाकून न्यावी लागणार, आणि हलवलं की वाहतं. हा तिचाच नियम. सगळे माझ्याकडे पाहत होते. सांगायला बंदी होती, कारण तिची वाटी अर्ध्याच्या कितीतरी खाली. तिचा फासा माझ्याकडे, म्हणून बंडीवाल्यानं एकट्यानं ठरवायचं.

"गावात नेतो," मी म्हटलं.

"एक फासा," मुलगी म्हणाली. "दहा किंवा वर आला तर गावापर्यंत टिकते. खाली आला तर..." तिनं पुढं सांगितलं नाही.

मी बोर घेतलं. डाव्या हाताला करंगळी नाही, त्यानं नीट धरता येत नाही, उजव्यानं टाकलं. जोरात गेलं. टेबलावरून उडालं आणि दिवाणाखाली गेलं.

अकोल्याची म्हणाली, "पुन्हा टाका काका. जमिनीवरचा धरत नाहीत."

"काकू धरत होत्या," औषधवाला हळू म्हणाला. ते खरं. ती म्हणायची, बोर कुठी बी पडलं तरी पडलंच.

मी उठलो. गुडघे टेकले. दिवाणाखाली मान घातली. तिथं साळीनं झाडलं होतं त्यानंतर कोणी झाडलं नव्हतं. धूळ होती, एक तुरीचा दाणा होता आणि भिंतीला लागून बोर होतं. चष्मा पुसला. आकडा वर होता, नीट दिसत होता. दुसऱ्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं.

"दिसत नसेल तर राहू द्या, बाबा," मागून मुलगी म्हणाली. "पुन्हा टाका." तिचा आवाज लहान झाला होता.

मला पंधरा म्हणता आलं असतं. कोणी वाकून पाहिलं नसतं. पंधरा म्हटलं असतं तर ती खुश झाली असती आणि कुऱ्हाडवाली बाई गावात खाटेवर पडून राहिली असती, आणि आम्ही दर रविवारी तिला परवा परवा म्हणत राहिलो असतो. मी तसाच वाकलेला होतो. कंबर दुखायला लागली.

"चार," मी म्हटलं.

उठून दिवाणावर बसलो. मुलगी रागावेल असं वाटलं. ती रागावली नाही. तिनं बायकोची वाटी समोर ओढली. म्हणाली, "बंडी निघाली. रस्ता दगडाचा आहे." एक चिमटी काढली. "नदी मागं पडली." एक चिमटी. नीट काढली, मोठी. "गावातले दिवे दिसून राहिले." वाटीत बोटं फिरवली तर दोन-चार दाणे होते. तेही काढले आणि डब्यात टाकले.

खोलीत पंखा तेवढा चालू होता.

"बंडीतच गेली," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "गेली. आई गेली."

अकोलेवालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बराच वेळ रडली. औषधवाला उठून बाहेर जाऊन उभा राहिला. मी तिथंच बसलो. रडणाऱ्या माणसाला थांबवू नये असं मला वाटतं.

मग तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बंडीवाल्याजवळ काही बोलली का ती? रस्त्यात?"

मला समजलं, ती काय विचारते.

"बोलली. गॅसची नळी बदला म्हने."

"अजून?"

"म्हने, तुमी मले खरं सांगतलं म्हनून पोट्टी रागावंन. रागावू द्या. समजावू नोका. तुमी आपलं जेवत जा."

मुलगी टेबलावर सांडलेले दाणे एकेक वेचून डब्यात टाकत राहिली.

अकोल्याची संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना मला म्हणाली, काका, पुढच्या रविवारी बंडीवाला येतो ना आमच्यासोबत. मी म्हटलं, त्याचा खांदा भरून येऊ दे, तुमच्या काकूच्या नियमानं दोन महिने लागतील. तिनं मान हलवली, बरोबर आहे म्हणाली.

मी ती वाटी घासली. मुलीनं दोन ताटं घेतली. माझ्या ताटात तीच वाटी ठेवली, तिच्या आईच्या नावाची, आणि वरण वाढलं.

"तूप?"

"घे थोडं."

ती समोर बसली आणि जेवायला लागली. वरण साळीनं करून आणलेल्या डाळीचंच होतं.